वर बघा, खाली बघा

ठसका लागला की आपल्याकडे काय म्हणतात? वर बघ. टाळूवर थापटायचं, कोण आठवण काढतंय म्हणून विचारायचं आणि वर बघायला लावायचं. माझ्या तोंडात हे इतकं बसलेलं, की त्यापायी नवऱ्याचा जीव जायची वेळ आली.

हे खोपोलीच्या कारखान्यात कामाला होते. लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. महिन्याभरात हात हलू लागला, बोलणं बोबडं का होईना कळू लागलं. गिळणं मात्र गेलं ते गेलंच. नाकातून नळी आणि नळीतून पेजेचं पाणी. शेजारी सुक्या बोंबलाचं कालवण शिजलं की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला रडू यायचं, मग रडू आल्याचा राग यायचा.

मुंबईच्या दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी नाही, चहा नाही. पातळ असेल ते घाईने श्वासनळीत शिरतं. मऊ भात घोटून घट्ट करा. अर्धा चमचा द्या. हनुवटी छातीला लावून जोराने गिळायचं. पंधरा दिवसांनी नीट जमलं, तर नळी काढू."

घरी पहिल्याच घासाला ठसका लागला. मी आणि पोशीरहून आलेल्या थोरल्या नणंदबाई एकदम ओरडलो, "वर बघा!" "वर बघ रं!" यांनी मान वर केली आणि चेहरा काळानिळा झाला. खोकून खोकून श्वास परत आला, तेव्हा मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी हे हनुवटी खाली घेईनात. "आजवर कुनापुढं मान खाली नाय घातली. आता भातापुढं घालू?"

माझं डोकं फिरलं. "नका घालू! नळी घेऊनच मिरवा!" म्हणत मी चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने पाहिलं, तर हे खुर्चीवरून माझ्याकडेच बघत होते. मी जमिनीवर, म्हणून यांची हनुवटी आपसूक छातीला टेकलेली.

मी वाटी घेऊन यांच्या पायाशी बसले. "मान घालू नका खाली. नुसतं माझ्याकडं बघा." चमचा वर धरला. कंठमणी वर गेला, खाली आला. ठसका नाही.

पंधरा दिवस असंच चाललं. नणंदबाई म्हणायच्या, "नवी नवरी बी नवऱ्याकडं एवडी नाय बघत गं!"

नळी निघाली. घरी आल्यावर यांनी हट्टाने खाली चटईवर बसून भात मागितला. मी उभ्याउभ्या चहा पीत यांना जेवताना बघत होते. हसू आणि रडू एकदमच आलं आणि मलाच जोराचा ठसका लागला.

"वर बघ गं, वर बघ!" नणंदबाई धावल्या.

यांनी डावा हात करून त्यांना थांबवलं.

"वर नको," हे मला म्हणाले. "माज्याकडं बघ."