चांगुणाबाईचं बेट

चांगुणाबाईनं आणि मी एकाच मुकादमाच्या हाताखाली पस्तीस वर्षं कालव्याची माती वाहिली. ती घमेलं काठोकाठ भरून उचलायची. अर्धं नेणाऱ्याशी बोलत नसे.

म्हातारपणी तिला पक्ष्यांची काळजी लागली. गंगाखेडच्या वरच्या अंगाला गोदावरीत वाळूचं बेट आहे. उन्हाळ्यात नदी सुरय तिथं उघड्या वाळूवर अंडी घालतात. हा पक्षी आता थोडाच उरलाय. पाणी उतरलं की बेट काठाला टेकतं आणि कुत्री आत शिरतात. तीन वर्षांत एकही पिल्लू उडालं नव्हतं.

"चर मारू," ती म्हणाली. "बेट काठापासून तोडायचं."

"कुत्र्याला पोहता येतंय, बाई."

"येतंय की. पण कामाबिगर भिजायला ते काय तुमच्यावानी खुळं हाय, बजरंगदादा?"

वनखात्यानं परवानगी दिली, माणसं दिली नाहीत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघंच लागलो. चर चाळीस पावलं लांब, पाच पावलं रुंद, कमरेइतका खोल. ओली वाळू दोन घमेली काढली की एक परत घसरते. चव्वेचाळीस दिवस लागले. दोन्हीकडचं पाणी मधे मिळालं तोवर पलीकडे एकवीस घरटी झाली होती.

पाण्याचं काम पुरं झालं की पाण्यातल्या सात आसरांना दहीभात द्यायचा, ही कालव्यावरची रीत. चांगुणाबाईनं बेटाच्या टोकाला सात दगड मांडले, सात पानांवर भात वाढला. गूळ मी ठेवला. कुत्रं कशासाठी भिजेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी पानं चाटून साफ झालेली. वाळूवर कुत्र्यांच्या पायांचे ठसे. एकही अंडं उरलं नव्हतं. सुरय वर ओरडत फिरत होते.

"चूक दोघांची हाय," मी म्हणालो.

"भात म्या शिजवला," ती म्हणाली. "मला वाटेकरी नको."

यंदा चर गाळानं भरला होता, तो पुन्हा उपसला. एकोणचाळीस दिवस. भात काठावरही ठेवला नाही. मार्चात सुरय आले, दोन दिवस बेटावर घिरट्या घातल्या, उतरले नाहीत. खालच्या अंगाला निघून गेले.

चांगुणाबाई तरी रोज काठी घेऊन काठावर बसते.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"एप्रिल जायचाय अजून."

एप्रिल गेला. मेही निम्मा सरला. चरात पाणी आहे, एकही कुत्रं आत गेलेलं नाही. बेटावर नुसती वाळू आहे.