कव्हरवरचा लाल स्टिकर

गोडदेव नाक्यावरच्या त्या दुकानदाराचा मला पहिल्यापासून संशय. हातात धरून खेळायच्या गेमची कव्हरं, चार्जर असलं काहीबाही विकायचा आणि भाव सांगताना नेमका काउंटर पुसायला घ्यायचा. नजर म्हणून वर करायचा नाही. प्रत्येक डब्यावर लाल स्टिकर: बाराशे खोडून सहाशे.

तरुणपणी असं खोडलेलं दिसलं की मी वेडी व्हायचे. घरात ओव्हन नसताना निम्म्या भावात मिळाले म्हणून केकचे साचे आणले होते, आणि वर ह्यांनाच ऐकवलं होतं, "बचत म्हणतात याला!" पुढे त्या साच्यांत तुळस लावली.

हे सगळं ठाऊक असलेली माझी नात, तिच्या गेमचं कव्हर आणायला मी निघाले तेव्हा हसली. "आजी, फसून येशील हं." म्हणजे आता नाक वाचवणं आलं.

दुकानात मी डबा उचलला आणि नखाने स्टिकर खरवडला. खाली छापील किंमत सहाशेच!

"काय हो, सूट कुठाय यात?"

फडकं थांबलं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"आजी, सरळ सहाशे लिहिले ना, तर लोक हात पण नाय लावत. सीधा भाव कोणाला पटतच नाय."

मला तुळशीचे ते साचे आठवले. कव्हर दणकट होतं. मी सहाशे दिले. तो डबा पिशवीत टाकायला लागला.

"थांबा," मी म्हटलं, "आधी तो स्टिकर नीट चिकटवून द्या. घरी नात वाट बघतेय."

आता संशयाने बघायची पाळी त्याची होती.