अर्धी वडी

गोंडपिपरीतल्या आमच्या शेजारच्या काकाजींचा या जगात विश्वास फक्त त्यांच्या म्हशीवर. आणि तोही दोर नीट बांधलाय ना, हे दोनदा पाहून झाल्यावर. वीज वेळेवर आली, तरी त्यांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं. डॉक्टरने गोळी दिली, की हे त्यालाच विचारणार, 'तुमी खाल्ली का कधी?' लग्नात आधी आचारी जेवला का ते पाहून येणार आणि मगच पंगतीला बसणार. पंचाईत अशी, की गल्लीतल्या बायका कुठलीही नवी वस्तू काकाजींच्या चेहऱ्याकडे पाहूनच घरात घेतात.

आणि नेमका त्यांच्याच शेजारी माझ्या बायकोच्या बचत गटाने साबणाचा उद्योग मांडला. गावाबाहेर करंजाच्या बियांच्या तेलापासून डिझेल करतात. ते करताना तळाशी दाट, तपकिरी ग्लिसरीन उरतं. बायका ते आणून साफ करत आणि त्यात तेल, कॉस्टिक सोडा घालून साबण पाडत. पहिला घाणा खपला नाही तर गट मोडणार आणि सगळ्या पुन्हा दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणार, हे ठरलेलंच होतं. बायकोने पहिली वडी मोठ्या आशेने काकाजींना दिली. त्यांनी ती हुंगली, उन्हात धरली, विळ्याने मधोमध चिरली.

"डिझेलचा गाळ हाय हा," ते म्हणाले. "गाळ अंगाले कोन लावते, सूनबाई?"

झालं. साबणाची पोती आमच्या ओसरीत पडून राहिली. बायको जेवेनाशी झाली आणि मी काकाजींशी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी पाहतो तर काकाजी त्याच चिरलेल्या वडीच्या एका अर्ध्याने म्हशीला घासतायत आणि म्हैस नव्या छत्रीसारखी चमकतेय. मी खवचटपणे म्हणालो, वा, स्वतःचा जीव वाचवून मुक्या जनावरावर प्रयोग! काकाजी खरोखर दुखावले.

"मुकी हाय म्हनूनच," ते म्हणाले. "तिले आग झाली तं सांगन कोनाले? पंधरा दिस मीच लावून पाह्यलो पयले."

कुंपणापलीकडच्या बायकांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत ओसरी रिकामी झाली.

गट अजून चालतो. म्हैस मात्र मागच्या हिवाळ्यात गेली. काकाजी दर महिन्याला येऊन वडी नेतात, हुंगून, उन्हात धरून. घरी जाऊन ती मधोमध चिरतात; अर्धी त्यांची, अर्धी तिची. तिच्या अर्ध्या वड्या गोठ्यातल्या फळीवर जमत चालल्या आहेत.