रोडग्याची साखर

माझी मोठी बहीण अकोल्याला असते. ती भात खाते, वर गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा अर्धा रोडगा तुपात बुडवून खाते आणि तिला काही होत नाही. मला गेल्या वर्षी शुगर निघाली. तेव्हापासून तिच्यासोबत जेवायला बसलं की माझं लक्ष तिच्या ताटात असतं.

इकडे माझ्या शहरात, राजापेठेत, मी बायोलॉजीची शिकवणी घेते. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. लाळेतलं अमायलेज ती तोडायला लागतं, जठरातल्या आम्लात ते काम थांबतं, लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज आणखी तुकडे करतं आणि आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइम्स शेवटी ग्लुकोज मोकळं करतात. या शेवटच्यांना हळू करणारी गोळी मी पहिल्या घासासोबत घेते. पोट फुगतं, ते वेगळंच.

परवा रविवारी तिच्याकडे रोडगे होते. जेवणानंतर दोन तासांनी मी शुगरचं मशीन काढलं. माझी चढलेली.

"ताई, तुझंही बोट दे."

तिची नॉर्मल आली. मी दुसऱ्या बोटातून पुन्हा पाहिली. पुन्हा नॉर्मल.

तिनं हात ओढून घेतला. "कावून वं? मले शुगर निघाली पायजे होती काय तुले?"

"थोडी," मी म्हणाले.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती म्हणाली, "तू कालेजात जात होती तवा मीबी जळत होती तुह्यावर. तू पुस्तक घेऊन बसे, अन् मी रोडगे भाजत." मग म्हणाली, "पोराइले शिकवते. मले कधी सांगतलं नाई, हे पोटात कसं मोडते ते."

मी उरलेल्या रोडग्याचा कोरडा तुकडा तिला दिला. "गिळू नको. चावत राहा."

ती डोळे मिटून चावत राहिली. "गोड लागून राहिलं वं!"

"साखळी तुटायला लागली."

गोळी सोडली तर तिच्या आणि माझ्या पोटात तुटते ती सारखीच. पण तिच्या रक्तातली साखर मुकाट पेशींत शिरते, माझी बाहेरच अडून बसते. तिनं दुसरा तुकडा तोंडात टाकला. "पुढं सांग."

मी जठराचं सांगू लागले. नजर मात्र तिच्या हलणाऱ्या जबड्यावरून हटत नव्हती, आणि आत पुन्हा तोच जळफळाट.