लिंबाभोवतीची वाट

मृत्यू माणसाला त्याची खरी उंची देऊन जातो. माझा मित्र नामदेव याची बारा फूट निघाली. हर्सूलच्या चौकात लागलेला फ्लेक्स तेवढा होता. मी नाशिकला मुलीकडे होतो. परतताना रिक्षातून तो फ्लेक्स दिसला आणि त्यावरूनच मला कळलं की नामदेव गेला. वर 'मार्शल आर्ट महर्षी', खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे, त्यातले निम्मे हसरे. मधे नामदेव. चेहरा त्याचाच, कुठल्याशा लग्नातला, कपाळावर अक्षता चिकटलेला. मानेखाली मात्र भलताच कुणी पांढऱ्या पोशाखातला तरुण होता आणि त्याचा एक पाय आभाळात गेलेला होता. रिक्षा तशीच त्याच्या घराकडे वळवली. दारात नामदेवची बायको, शांतावहिनी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, चौकात लावलेत ते पाय कुणाचे हायेत?" मी म्हणालो, "इंटरनेटवरचे असतील." "तेच म्हन्ते. ह्यांचा पाय येवढा वर जन्मात गेला नाय." आम्ही दोघं हसलो. सुतकातल्या घरात हसलो. मग त्या रडल्या.

नामदेवचं गुलमंडीत अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतर त्याच्या वडिलांनी टाकलेलं. आयुष्यभर त्यानं अस्तर विकलं आणि रोज पहाटे बागुआ केलं. बागुआ ही चिनी लोकांची लढण्याची विद्या. पण बघणाऱ्याला ती लढाई वाटत नाही, काहीतरी हरवलेला माणूस वाटतो. एखाद्या झाडाभोवती गोल चालत राहायचं. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल चिखलातून सरकवावं तसं सपाट, तळहात झाडाकडे रोखलेले. मधेच तळहात पालटायचे आणि उलट फिरायचं. कुणी अंगावर आलाच तर त्याला अडवायचं नाही, त्याच्या बगलेला जायचं. असल्या विद्यांना चिनी लोक 'आतल्या' म्हणतात, कारण जोर दंडातून येत नाही. श्वासातून, कमरेच्या वळणातून, मनाच्या रोखातून येतो. त्या जोराला त्यांच्यात 'ची' असा शब्द आहे. मी त्यावर दोन जाड पुस्तकं वाचली आणि मला काही कळलं नाही. शेवटी नामदेवनं दुकानात मांजरपाटाचा एक तुकडा माझ्या हातात दिला. "वढ, मास्तर." मी उभा ओढला, आडवा ओढला; कापड ढिम्म. "आता तिरका वढ." कापड लगेच लांबलं. "मानूस आसाच आसतो. समोरून ढकलला का आडून बसतो. तिरका धरला का देतो. येवढंच हाये. ची-बी काय लावलंय!" तेवढ्यात एका बाईनं मीटरमागे भाव कमी करायला सांगितला, तेव्हा तो स्वतः मात्र समोरूनच भिडला. शोकसभेत त्याच्या ज्या गाढ आंतरिक शांतीबद्दल बोललं गेलं, ती गुलमंडीतल्या एकाही गिऱ्हाइकाला भेटलेली नव्हती.

ही विद्या त्याला दाढदुखीतून मिळाली. आम्ही शाळेत होतो. छावणीच्या बाजारात एक चिनी दातांचा डॉक्टर होता. दारावरच्या पाटीवर गुलाबी हिरड्यांची कवळी रंगवलेली. नामदेव सकाळी लवकर गाल धरून गेला, तर डॉक्टर मागच्या अंगणात बदामाच्या झाडाभोवती चालतोय. नामदेवनं विचारलं, "क्या डॉक्टरसाब, कुछ गिर गया क्या?" डॉक्टर न थांबता म्हणाला, "हौ. तू भी आ, मिल के ढूंढिंगे." नामदेव दाढ विसरला आणि त्याच्या मागे चालायला लागला. पुढे कित्येक महिने डॉक्टरनं त्याला चालण्याखेरीज काही शिकवलं नाही. मी एकदा सोबत गेलो, कंटाळलो आणि डॉक्टरच्या बायकोनं दिलेली शेवयांसारखी काहीतरी गरम वस्तू खाऊन परत आलो. त्या घरातलं माझं शिक्षण एवढंच.

मग चीनशी युद्ध झालं. एका सकाळी पोलिसांची गाडी आली आणि डॉक्टरला आणि त्याच्या बायकोला घेऊन गेली. कुठं, ते शहरानं विचारलं नाही. ज्यांच्या तोंडात त्यानं बसवलेले दात होते त्यांनीही त्या दातांनी विचारलं नाही. सीमेवरच्या पराभवाचा सूड आम्ही एका रंगवलेल्या कवळीवर घेतला. दगडांनी पाटीचे तुकडे झाले. दोन दिवसांत नामदेवच्या दुकानाच्या फळ्यांवर कुणीतरी डांबरानं लिहिलं, 'चिनी हेर'. वडिलांनी कापड मोजायच्या गजानं त्याला बडवलं आणि हर्सूलला चुलत्याच्या शेतावर धाडून दिलं. तिथं बांधावर एक लिंब होता, कडुलिंब. नामदेव त्याच्याभोवती चालायला लागला. छावणीत डॉक्टरच्या दाराला लागलेल्या कुलपाला गंज चढला तरी तो अधूनमधून जाऊन बघून यायचा... डॉक्टर परत आला नाही. नामदेव हे सगळं सांगताना कधी चिडायचा नाही. त्याच्या वाटचं चिडणं मी करतो.

लिंबाभोवती पायांनी एक वाट पडली. गवत नसलेली, थोडी खोल गेलेली, परातीच्या काठासारखी गोल. पुढे शेताचे प्लॉट पडले आणि लिंब ले-आउटच्या मोकळ्या जागेत, म्हणजे महापालिकेच्या मालकीत गेला. नामदेव चालतच राहिला. उतारवयात वहिनींचे गुडघे धरले, तेव्हा त्यानं त्यांनाही तिथं नेलं. पहिल्याच दिवशी मी हजर होतो. हा म्हणाला, "आगं, पाय टाकायचा नाय, ठिवायचा. जिमिनीला इचारून." त्या म्हणाल्या, "वल्या सारवनावर चालत मोठी झाले मी. मला शिकवता व्हय?" आणि पदर खोचून अशा चालल्या की नामदेव वाकून त्यांची पावलं बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं त्यांना पुढं ठेवलं आणि स्वतः मागं चालला. दुकान मुलाकडे गेलं, नामदेवच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पहाटेची दोघांची फेरी मात्र चुकली नाही. त्याला एकुलता एक शिष्य मिळाला तो म्हणजे वहिनी.

शोकसभेत तो शिष्य दुसऱ्या रांगेत होता, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन. व्यासपीठावर ज्यांनी नामदेवला एकदाही चालताना पाहिलं नव्हतं अशी मंडळी. प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं की ही विद्या मुळात वेरूळच्या लेण्यांतून चीनला गेली. अध्यक्षांनी सांगितलं की नामदेवरावांनी एकांताच्या ओढीनं हर्सूलच्या तलावाकाठचा निसर्ग निवडला. निवडला! अध्यक्षांचे वडील त्या डांबराच्या डब्याबरोबर होते. हे नामदेवला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे; अध्यक्षांना ठाऊक नसावं आणि सांगितलं तर पटणार नाही. मला दोन मिनिटं दिली होती. मी छावणीतल्या डॉक्टरबद्दल बोलायला सुरुवात केली तसे संयोजक कानाशी आले. "सर, चीनचा विषय नको. वातावरण बरं नाही." साठ वर्षं झाली. वातावरण अजून बरं झालेलं नाही.

मग स्मारकाची घोषणा झाली, लिंबाच्या जागी. टाळ्या थांबल्यावर वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "काय बांधायचं ते बांधा, पन ती वाट राहू द्या. मी रोज चालते तिथं." अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "ताई, वाट तर आता अमर झाली." पुन्हा टाळ्या. वहिनी खाली बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "व्हय म्हनले का नाय म्हनले?"

स्मारकाचं उद्घाटन गेल्या महिन्यात झालं. पेव्हर ब्लॉक बसवले, ग्रॅनाइट लावला, फ्लेक्सवरचा तो परका पाय आता फायबरमध्ये उभा आहे. वाटेला मात्र कुणी हात लावलेला नाही, हे कबूल केलं पाहिजे. तिच्याभोवती स्टीलचे खांब आणि साखळी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या, मी सोबत होतो. वॉचमन उठून आला. "मावशी, आत नाय जायचं. स्मारक हाय."

"आरं, ह्यांची वाट हाय ती."

"म्हनूनच."

त्यानं पाटी दाखवली: 'येथे चालण्यास सक्त मनाई आहे.' मी भांडलो. महापालिकेत गेलो, अध्यक्षांकडे गेलो. दोन्हीकडे चहा मिळाला. नामदेवला या शहरानं एकदा हेर म्हणून बदामाच्या झाडापासून हाकललं, आता महर्षी म्हणून लिंबापासून हाकललं, आणि दुसऱ्या खेपेला वर फीत कापली.

वहिनी हल्ली पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती चालतात. त्यांच्या मागं एका माणसापुरती जागा सुटलेली असते... टाकी काळी आहे, प्लॅस्टिकची, पाचशे लिटरची.