काईवाले सर आणि माईचं आचमन

घाटाच्या ज्या पायऱ्यांवरून सगळं बनारस घसरतं आणि उठता उठता शिव्या देतं, त्या पायऱ्यांशी आमचे सर उकिडवे बसून कौतुकानं बोलायचे. पाण्याच्या काठाला धरलेलं ते हिरवंगार शेवाळ बोटानं अलगद उचलायचे, उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "काय तब्येत आहे बघ!" एखादा नाववाला जाता जाता ओरडायचा, "का गुरू, काई पूजत हउवा का?" सर हसून हात हलवायचे. शेवाळाला इकडं काई म्हणतात, म्हणून शाळेत, गल्लीत, चहाच्या दुकानात त्यांचं नाव काईवाले सर पडलं. इथल्या मराठी घरांतसुद्धा त्यांना कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या घराला लागूनच, त्यांच्या आईबरोबर राहायचे. आईला सगळे माई म्हणत. सरांनी लग्न केलं नव्हतं, आणि माई ते त्यांना विसरू देत नसे. सर शेवाळाचं गुणगान करायला लागले, "माई, ही घरातल्या सुनेसारखी आहे, सगळ्यांचं उष्टंखरकटं आवरते आणि वर बोलणी खाते," की माई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "सून आण म्हटलं तर काई घेऊन आलास. माझंच नशीब!"

सरांची एक सवय मला फार छळायची. ते कुणाला 'नाही' म्हणू द्यायचे नाहीत. "समजलं?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही "नाही सर" म्हटलं, की लगेच बोट वर करायचे. "अजून नाही, म्हणा." गणित सुटलं का? अजून नाही. प्रयोग जमला का? अजून नाही. मी तेव्हा फटकळ होते, आताही आहेच म्हणा. एकदा विचारलं, "सर, लग्न झालं का?" सगळा वर्ग हादरला. सर शांतपणे म्हणाले, "अजून नाही."

त्यांची दुसरी सवय म्हणजे खोटं न बोलणं. ही सवय ऐकायला छान वाटते, पण अशा माणसाच्या घरी राहायला फार सोशिक लोक लागतात. माई रोज पहाटे गंगेवर जायची. डुबकी मारायची आणि ओंजळीनं तीन वेळा आचमन घ्यायची. घाटापासून जरा वर एक नाला काळंकुट्ट पाणी घेऊन नदीत उतरतो. ते पाणी काठाकाठानंच माईच्या ओंजळीपर्यंत यायचं. तिचं पोट सारखं बिघडायचं, आणि सर प्रत्येक वेळी स्पष्ट सांगायचे, "माई, हे त्या पाण्यानं होतंय." एकदा म्हणाले, "निदान घरी आणून, उकळून घेत जा." माई अशी काही उसळली! "गंगा उकळायची? का रे, चहा करायचाय का तिचा?"

त्यानंतर सरांनी तो विषय काढला नाही. मला मात्र एकदा छतावर म्हणाले, "आईला गंगा सोड असं कसं सांगायचं गं? त्यापेक्षा नाल्याला सांगून बघू."

तेच आमच्या विज्ञान प्रदर्शनाचं काम झालं. वर्गातले आम्ही तिघं, सर आणि मासे पाळायची एक जुनी काचेची टाकी. नाल्याचं पाणी आम्ही नाक दाबून आणलं. त्यात काई सोडली आणि टाकी छतावर उन्हात ठेवली. काई घाणीतलं आपल्या कामाचं खाते, उन्हात प्राणवायू सोडते, त्या प्राणवायूवर पाण्यातले सूक्ष्म जीव बाकीची घाण फस्त करतात. वाढलेली काई मात्र वेळच्या वेळी फडक्यानं गाळून काढावी लागते, नाहीतर तीच कुजते. माईनं पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, "नाल्याचं पाणी माझ्या छतावर? तुळशीपासून लांब ठेवा. आणि शिंतोडा उडाला तर मी तुम्हाला आंघोळ घालीन." ती टाकीजवळून जाताना पदर आवरून घ्यायची.

हळूहळू वास गेला. मग काळेपणा गेला. कार्तिक लागला तेव्हा टाकीच्या पलीकडे ठेवलेली माईची तुळस काचेतून स्वच्छ दिसायला लागली. आम्ही नाचलोच. सर म्हणाले, "दिसायला स्वच्छ झालंय. प्यायला? अजून नाही."

प्रदर्शनाच्या आधी शाळेला सुट्ट्या आल्या. सुट्टी संपवून छतावर गेलो तर टाकीत पांढुरका लगदा, वर तुपाचे तवंग, आणि वास तर पहिल्या दिवसापेक्षाही वाईट. मला रडूच फुटलं. तेवढ्यात माई जिना चढून आली. काही लपवलं नाही तिनं. घरच्या पिंडीला अभिषेक केला होता, तीर्थ वाटून वाटीभर पंचामृत उरलं होतं. ते पायदळी जायला नको म्हणून ती नेहमी गंगेत सोडायची, पण त्या दिवशी गुडघा धरला होता. "पाणी इतकं निर्मळ दिसलं रे," ती म्हणाली, "म्हटलं, गंगेत नाही तर इथं."

मला वाटलं, आता सर ओरडणार. सर टाकीशेजारी खाली बसले आणि माईकडे बघत राहिले. "माई, नाल्याच्या पाण्यात तू पंचामृत सोडलंस?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. आमच्याकडे वळून म्हणाले, "पोरांनो, आपलं पहिलं बक्षीस आजच मिळालं."

दुसरं काही मिळालं नाही. तीच नासलेली टाकी सरांनी प्रदर्शनात नेली. आम्ही विनवण्या केल्या, पण ते ऐकतात कसले! परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. "ये क्या उठा लाए मास्टरसाहब?" सर म्हणाले, "काई सब खा लेती है साहब, पर धीरे-धीरे खाती है. हम खिलाते बहुत हैं." परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. शाळेत सरांना बरंच ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी माईनं विचारलं, तेव्हा सरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. माई टाकीजवळ गेली. "माझ्या एका वाटीनं एवढं झालं?" "हो, माई." "आणि तो नाला तर दिवसरात्र…" दुसऱ्या पहाटे तिनं डुबकी मारली, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि पाणी परत नदीत सोडलं. वर येऊन लेकाला म्हणाली, "तुझा नाला साफ झाला की सांग. आचमन तेव्हा घेईन."

सरांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला म्हणाले, "मी तिची गंगा वाचवायला निघालो होतो गं. तीच तिच्या तोंडातून काढून घेतली." मी त्यांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी छतावर टाक्यांमागून टाक्या मांडल्या. नाल्याच्या तोंडाशी मोठी टाकी बांधू द्या म्हणून कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजवले! जो तो म्हणायचा, कल्पना उत्तम आहे, आणि चहा पाजून परत पाठवायचा. माई रोज सकाळी विचारायची, "झाला का रे नाला?" सर म्हणायचे, "अजून नाही." आमच्या गल्लीत सकाळ झाल्याचं त्यावरून कळायचं.

आता सर नागपूरला बहिणीकडे असतात. त्यांच्याच शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि त्यांच्या दोन टाक्या आमच्या छतावर आहेत. मुलं "नाही मॅडम" म्हणाली की माझं बोट आपोआप वर जातं.

माई गेली ती वैशाखातल्या दुपारी. डॉक्टर येऊन सांगून गेले होते. माझी आई देवघरातून गंगाजळ आणि तुळशीचं पान घेऊन आली. माईनं ओठ मिटून घेतले. मग डोळे उघडून सरांकडे बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "झाला का रे नाला?"

माझी आई सरांच्या मागे उभी होती. हो म्हणा, हो म्हणा, असं ती डोळ्यांनी विनवत होती. मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते. अशा वेळी कुणीही म्हटलं असतं हो. सरांनी माईचा हात हातात घेतला. "अजून नाही, माई."

माई म्हणाली, "बरं. मग उकळून आण."

सर स्वयंपाकघरात धावले. पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी खळखळून उकळलं, तसं ते पातेलं घेऊन माईच्या उशाशी येऊन बसले. उन्हाळ्याचे दिवस, पाणी काही लवकर निवेना. सर या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होते, मी पंख्यानं वारा घालत होते, आणि माई डोळे मिटून वाट बघत होती. पाणी कोमट झालं, मग गार झालं. सरांनी तुळशीच्या पानावरून तिच्या ओठांत सोडलं, एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यासाठीच माई थांबली होती.