दोन आठवड्यांची गोळी

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन असताना माझं पोस्टिंग अरुणाचलातल्या एका छोट्या फील्ड हॉस्पिटलात होतं. पाऊस थांबत नसे, बूट वाळत नसत. सिक रिपोर्टला निम्मे जवान पायांसाठीच यायचे.

नाईक निवृत्ती धारूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी बीडची म्हणून साहेब नसले की मला ताई म्हणायचा.

"ताई, आमच्याकडं प्यायला टँकर लागतो अन् इथं पाय सडायलेत. गावात सांगितलं तर हसतील."

बोटांमध्ये चिखल्या, टाचेपर्यंत कातडी सोललेली. मलमानं फरक पडला नव्हता. तपासणीत फंगस निघाला. आता पोटातून गोळ्या देणं भाग होतं. कोणत्या द्यायच्या, यावर हॉस्पिटलचे डॉक्टर असलेल्या मेजर साहेबांशी बोलणं झालं.

"ग्रिसिओफुल्विन स्टोअरमध्ये आहे."

"जुनं औषध आहे, सर. दीड-दोन महिने लागतील. तरी खात्री नाही."

"इट्राकोनॅझोल?"

"तो रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो. कॅप्सूल अंगी लागणार नाही. टर्बिनाफीन मागवू. दोन आठवड्यांचा कोर्स."

"लिव्हरला झेपेल?"

"रिपोर्ट नॉर्मल आहे."

"ठीक. बरा होईपर्यंत लाइट ड्यूटी."

औषध म्हणून निवड बरोबर होती. आजही मी तीच सुचवीन. कोर्स संपला, नवी कातडी धरली. साहेबांनी पाय तपासून त्याला फिट केलं. त्याच आठवड्यात निवृत्ती लांबच्या पॅट्रोलवर गेला.

त्या दिवशी दुपारी रेडिओ वाजला.

"कडा कोसळलाय. एक जवान खाली दबलाय. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव आलं.

त्याचा देह आणल्यावर बूट मीच काढले. बोटांमध्ये एकही भेग नव्हती. ग्रिसिओफुल्विनवर असता तर त्या दुपारी तो अजून लाइट ड्यूटीवर, लंगरमध्ये बटाटे सोलत बसला असता. हे माझ्या डोक्यातून जात नाही.

रिटायर होऊन बीडला आल्यावर त्याच्या आईला भेटायला गेले. तिनं एकच विचारलं.

"बाई, पाय बरे झालते का वं त्याचे? फोनवर लई कण्हायचा."

"झाले होते, मावशी. पूर्ण."

"तुमीच गोळ्या दिल्या म्हणं."

"हो. मीच."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लई उपकार झाले. चांगल्या पायानं गेलं माझं लेकरू."